धनुष्कर्मातील तासणी : निवड, धार आणि ऐतिहासिक पुरावा

धनुष्याच्या इतिहासाकडे अभ्यासक बहुधा दोन वाटांनी येतात. एक वाट युद्धशास्त्राची. तिच्यावरून जाणारा पल्ला, वेध, सैन्याची रचना आणि रणांगणावरील परिणाम यांचा विचार करतो. दुसरी वाट वस्तुसंग्रहालयाची. तिच्यावरील अभ्यासकाला धनुष्याची लांबी, लाकडाची जात, छेदाचा आकार आणि काळ यांत रस असतो. या दोन्ही वाटा उपयुक्त आहेत, याविषयी दुमत नाही. तथापि या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न पडून राहतो आणि तो फारसा कोणी उचलीत नाही. झाडाच्या फाळलेल्या दांडक्याचे धनुष्य नेमके कोणत्या क्षणी होते आणि त्या क्षणी कारागिराच्या हातात कोणते हत्यार असते ?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, तो क्षण कुऱ्हाडीचा नसतो, वाकसाचाही नसतो. तो तासणीचा असतो. लाकडावर आडवी धरून ओढावयाची आणि कागदाहूनही पातळ पापुद्रा काढणारी एक कड, एवढेच तासणीचे स्वरूप. ती दगडाची असो, पोलादाची असो, की फुटक्या काचेची असो, धनुष्याचा बाक शेवटी तीच ठरविते. असे असूनही धनुष्याच्या इतिहासात तिला क्वचितच जागा मिळते. असे का व्हावे आणि या उपेक्षेमुळे आपल्या निष्कर्षांत कोणते दोष शिरतात, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. जाडीचे गणित

प्रथम लाकडाचा विचार करू. धनुष्याची जी बाजू धनुर्धराकडे असते तिला पोट म्हणावे आणि जी लक्ष्याकडे असते तिला पाठ. धनुष्य ओढले असता पाठीवर ताण पडतो व पोटावर दाब पडतो. बहुतेक लाकडे ताण पुष्कळ सोसतात, परंतु दाबाला त्या मानाने लवकर हार खातात. म्हणून पाठीचे तंतू अखंड राखावयाचे आणि पोटाकडून लाकूड काढीत जावयाचे, हा या कलेचा साधारण नियम होय.

आता लाकूड काढावयाचे ते किती ? आयताकृती छेदाच्या पट्टीचा ताठरपणा रुंदीच्या सम प्रमाणात बदलतो, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. याचा अर्थ असा की, एखाद्या ठिकाणची रुंदी वीसांशाने कमी केली तर तेथील ताठरपणा वीसांशानेच घटतो. जाडी वीसांशाने कमी केली, तर तो सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. ३० मिलिमीटर जाडीच्या धनुष्यातून एक मिलिमीटर लाकूड गेले की त्या जागेचा जवळजवळ दहावा हिस्सा जोर गेला. १० मिलिमीटर जाडीच्या पातळ धनुष्यात तर ०.२ मिलिमीटरची चूकदेखील सुमारे ६ टक्क्यांची ठरते.

जेथे ताठरपणा कमी होतो, तेथे बाक अधिक येतो. जेथे बाक अधिक, तेथे पोटाच्या बाजूचे तंतू प्रथम चिरडले जातात आणि आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात. एकदा अशी सुरकुती पडली की पुढील प्रत्येक ओढीला तीच जागा अधिक वाकते, आणि धनुष्याचे आयुष्य मोजके राहते. तात्पर्य, धनुष्य घडविणे म्हणजे दोन्ही बाहूंचा बाक सर्वत्र प्रमाणशीर येईल अशा रीतीने जाडीचा उतार साधणे होय. कुऱ्हाडीच्या एका घावाने अनेक मिलिमीटर लाकूड उडते. ज्या कामात मिलिमीटरचा अंश निर्णायक असतो, तेथे कुऱ्हाडीची धार कितीही उत्तम असली तरी ती आंधळीच.

२. तासणीची निवड

चाकू, पटाशी किंवा रंधा यांची धार लाकडात शिरते आणि तंतूंच्या दिशेने वाट काढते. तंतू सरळ असतील तोवर हे ठीक. गाठीभोवती तंतू वळसा घेतात. तेथे शिरणारी धार तंतूंच्या मागे खोल जाते आणि लाकडाची ढलपी उपटून काढते. तासणीची कड लाकडाशी जवळजवळ काटकोनात उभी असते. ती शिरत नाही, पृष्ठावरून ओढली जाते. म्हणून तंतू उलटे असोत वा वळलेले असोत, ती फार खोल जाऊ शकत नाही. युरोपातील उत्तम धनुष्ये ज्या यू वृक्षाच्या लाकडाची होत, ते लाकूड बारीक गाठींनी भरलेले असते. अशा लाकडावर शेवटचा हात तासणीचाच फिरावा, हे कारागिराच्या आवडीनिवडीवर अवलंबून नव्हते. लाकडाचा स्वभावच ते ठरवीत होता.

तासणी निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट कडेचा आकार. सपाट पोटासाठी सरळ कड चालते. खोलगट भागासाठी बाहेर फुगलेली कड लागते. गोलसर पोटाच्या धनुष्यासाठी आत वळलेली, खाचेसारखी कड सोयीची असते, कारण सरळ कडेने गोलाईवर एकेक अरुंद पट्टी तासली जाते आणि पृष्ठावर धारा उमटतात. दुसरी गोष्ट ताठरपणा. पातळ पत्रा हाताच्या दाबाने वाकतो व लाकडातील खळग्यात उतरतो. त्यामुळे असलेला खळगा बुजण्याऐवजी अधिकच खोल होतो. ज्या लाकडात वसंत ऋतूतील वाढीचा थर मऊ व सच्छिद्र आणि उन्हाळ्यातील थर कठीण असतो, उदाहरणार्थ एल्म किंवा अॅश, त्या लाकडावर हा दोष विशेष जाणवतो. म्हणून धनुष्यासाठी जाड, न वाकणारी तासणी पत्करावी. तिसरी गोष्ट कडेचा कोन. तो फार लहान असेल तर कड चटकन तुटते वा बोथटते. फार मोठा असेल तर ती लाकूड काढण्याऐवजी दाबते व चकाकी आणते.

या हत्याराचा एक स्वाभाविक दोषही आहे. एकाच कोनात, एकाच गतीने पुनःपुन्हा ओढल्यास कड थरथरते आणि लाकडावर समान अंतराच्या आडव्या लाटा उठतात. एकदा लाटा उठल्या की पुढची प्रत्येक ओढ त्याच लाटांवरून उडत जाते. उपाय साधा आहे. तासणी थोडी तिरपी धरून ओढावयाची, म्हणजे कड एका वेळी अनेक लाटांवर टेकते. या लाटांचा उल्लेख येथे मुद्दाम केला, कारण जुन्या लाकडी वस्तूवर त्या टिकून असतील तर इतिहासकारासाठी तोच तासणीचा हस्ताक्षरवजा पुरावा ठरतो.

३. धार

पोलादी तासणीला धार लावण्याची परिचित पद्धत अशी आहे. प्रथम पत्र्याची कड कानशीने काटकोनात सपाट करावयाची. मग दगडावर कडेचे आणि दोन्ही बाजूंचे ओरखडे घालवून कोपरा स्वच्छ करावयाचा. शेवटी तासणीहून कठीण अशी गुळगुळीत पोलादी दांडी किंचित तिरपी धरून कडेवरून दाबून फिरवावयाची. त्यामुळे कोपऱ्याचे धातू अतिसूक्ष्म आकड्याच्या रूपाने बाहेर वळते. हा आकडाच लाकूड कापतो. तासणीखालून पापुद्रे निघत आहेत तोवर धार आहे, नुसता भुसा पडू लागला की धार गेली, ही ओळखण्याची खूण. अशा वेळी कानस लगेच लागत नाही. दांडीने आकडा पुन्हा उठविता येतो. असे अनेकदा केल्यावर मात्र मुळापासून आरंभ करावा लागतो.

दगडी तासणीची धार वेगळ्या रीतीने येते. चकमकीच्या दगडाचा ताजा छिलका अतिशय तीक्ष्ण असतो, पण त्याची पातळ कड लाकडावर आडवी ओढल्यास मोडते. म्हणून शिंगाच्या टोकाने कडेवर दाब देऊन बारीक छिलके उडवितात आणि कड उभी व बळकट करतात. कड बोथटली की तीच क्रिया पुन्हा. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. प्रत्येक वेळी धार लावताना हत्यार थोडे आखूड होते आणि त्याची कड थोडी अधिक उभी होते. म्हणजे उत्खननात आपल्या हाती येते ती बहुधा हत्याराची अखेरची अवस्था असते. जी तासणी कारागिराने टाकून दिली तिच्यावरून, जिने त्याने काम केले तिची कल्पना आपण करीत असतो.

४. आल्प्समधील अपूर्ण धनुष्य

या सर्व विवेचनाला आधार देणारा एक पुरावा १९ सप्टेंबर १९९१ रोजी हाती आला. इटली व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वताच्या ओट्झताल भागात, ३,२१० मीटर उंचीवर बर्फात गोठलेला एक मानवी देह सापडला. त्याचा काळ इ. स. पूर्व ३३०० च्या सुमाराचा ठरला. त्याच्याजवळ यू लाकडाचे १८२ सेंटिमीटर लांबीचे धनुष्य होते, आणि ते अपूर्ण होते. त्याच्यावर दोरी अडकविण्याच्या खाचा नव्हत्या आणि पृष्ठावर घाव घालून लाकूड काढल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. भात्यात १४ बाण होते. त्यांतील दोनच पूर्ण होते.

त्या माणसाच्या कमरेच्या पिशवीत चकमकीची तासणी, एक टोचणी आणि एक लहान पाते होते. शिवाय लिंडेनच्या लाकडात शिंगाचा तुकडा बसवून केलेले, पेन्सिलीसारखे दिसणारे एक साधन होते. ते दगडी हत्यारांना धार लावण्याचे साधन होय. तांब्याची कुऱ्हाडही त्याच्यापाशी होती.

येथे सावधपणे बोलावयास हवे. पिशवीतील तीच तासणी या धनुष्यावर चालणार होती, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु धनुष्यावरील खुणांवरून एवढे निश्चित दिसते की, कुऱ्हाडीचा टप्पा झाला होता आणि तासण्याचा टप्पा व्हावयाचा होता. पुष्कळशा प्राचीन धनुष्यांत हे दोन टप्पे वेगळे दिसत नाहीत, कारण दुसरा टप्पा पहिल्याच्या खुणा पुसून टाकतो. मृत्यूने कामात खंड पाडला म्हणून येथे ते वेगळे राहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या माणसाची दगडी हत्यारे पुनःपुन्हा धार लावून झिजलेली होती, असे दिसून आले. आपण वर जी अखेरची अवस्था म्हटली, तिचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

५. इंग्लंड : ग्रंथ आणि जहाज

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये धनुष्य हा राज्यव्यवहाराचा विषय होता. लंडनमध्ये धनुष्कार व बाणकार यांचे व्यवसाय १३७१ मध्ये परस्परांपासून वेगळे करण्यात आले. १४७२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये येणाऱ्या व्यापारी जहाजांवर मालाच्या प्रमाणात धनुष्याची दांडकी आणण्याचे बंधन घातले, कारण उत्तम यू लाकूड युरोपखंडातून मिळवावे लागे. म्हणजे लाकडाच्या आयातीची नोंद आहे, व्यवसायाच्या हक्कांचीही नोंद आहे. हत्याराच्या कडेची नोंद अशा कागदपत्रांत सापडावी कशी ?

१५४५ मध्ये रॉजर अॅश्कम याचा ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध झाला. धनुष्य विकत घेतल्यावर काय करावे, हे सांगताना अॅश्कम म्हणतो की, ते मैदानात नेऊन जड बाणांनी चालवून पाहावे आणि कोठे अधिक वाकते ते ध्यानात घ्यावे. मग ते विश्वासू कारागिराकडे परत न्यावे, म्हणजे तो ते थोडे आखूड करील, टोकांकडे हलके करील आणि सर्वत्र सारखा गोल बाक आणील. ग्रंथकाराच्या या सल्ल्यातून दोन गोष्टी कळतात. एक, विकत घेतलेले धनुष्य हे त्या काळी पूर्ण झालेले धनुष्य मानले जात नसे. दोन, अंतिम जुळणी ही वापर आणि दुरुस्ती यांच्या देवघेवीतून होत असे. मात्र या उताऱ्यात अॅश्कम परिणाम सांगतो, हत्यार सांगत नाही. तो विद्वान होता आणि धनुर्धर होता. कारागिराच्या बाकावर तो बसलेला नव्हता.

योगायोग असा की, त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज बुडाले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा समुद्रतळातून वर काढण्यात आला. त्या अवशेषांच्या उत्खननात १७२ धनुष्ये मिळाली. त्यांतील १३७ अखंड होती. पाठीला फिकट रसकाष्ठ आणि पोटाला गडद मध्यकाष्ठ, अशी ती यूची धनुष्ये आहेत. त्यांचा ओढ-भार सुमारे १०० ते १८५ पौंडांपर्यंत असावा, असा अंदाज अभ्यासकांनी केला आहे. एवढ्या जोराच्या धनुष्यात बाकाची चूक क्षमा करीत नाही.

या धनुष्यांच्या पृष्ठावर हत्यारांच्या खुणा अजून दिसतात. संग्रहालयातील गुळगुळीत, चकाकणाऱ्या धनुष्यांची सवय झालेल्या डोळ्यांना त्या खडबडीत वाटतात. यावरून सैन्यासाठी केलेले काम हलक्या प्रतीचे होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. पृष्ठाचा गुळगुळीतपणा आणि बाकाचा प्रमाणशीरपणा या भिन्न गोष्टी आहेत. तासणीने काम करणारा धनुष्कार चकाकीसाठी तासत नाही, बाकासाठी तासतो. बाक साधला की त्याचा हात थांबतो. राजाच्या शस्त्रागारासाठी शेकड्यांनी धनुष्ये करणाऱ्याने त्यापुढे वेळ खर्च करावा, असे कोणतेही कारण नव्हते. खुणा राहिल्या, याचा अर्थ काम अपुरे राहिले असा नव्हे. नेमके कोठे थांबावे हे त्या कारागिरास ठाऊक होते.

६. इशीची साक्ष

दगडी तासणीने धनुष्य कसे होते, याविषयी प्रत्यक्ष पाहून लिहिलेला एक मोलाचा वृत्तान्त अमेरिकेतून मिळतो. उत्तर कॅलिफोर्नियातील याही जमात एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत जवळजवळ नष्ट झाली. तिचा शेवटचा ज्ञात पुरुष २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल या गावाजवळ एकटा आढळला. आपले नाव सांगणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. म्हणून त्याच्याच भाषेतील ‘मनुष्य’ या अर्थाच्या शब्दाने, इशी या नावाने, तो ओळखला गेला. पुढे तो सॅन फ्रॅन्सिस्को येथील विद्यापीठीय संग्रहालयात राहिला आणि २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने मरण पावला.

सॅक्स्टन पोप हा त्याचा वैद्य. तो त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला आणि १९१८ मध्ये त्याने याही धनुर्विद्येवर प्रबंध प्रसिद्ध केला. इशी मुख्यत्वे डोंगरी जुनिपरचे लाकूड वापरी. चकमक किंवा ज्वालाकाच यांच्या कडेने तासून आणि वालुकाश्मावर घासून तो धनुष्याला आकार देई, आणि पाठीवर स्नायूंचे तंतू चिकटवी, असे त्या वृत्तान्तावरून समजते. वालुकाश्म हे येथे तासणीचे भावंडच समजावयास हरकत नाही.

या साक्षीचे मोल फार आहे, पण तिच्यातील दुःखही विसरता येत नाही. एका समाजाचे सारे हस्तज्ञान एका माणसाच्या बोटांत उरले होते. ते जाणू इच्छिणारा एक सहृदय वैद्य भेटला, म्हणून त्यातील काही भाग लिहिला गेला. चार-साडेचार वर्षांचाच अवधी मिळाला. जे विचारले गेले नाही, ते गेले.

७. नाव आणि कार्य

येथवर ‘तासणी’ हा शब्द आपण कार्याच्या अर्थाने वापरला. पुरातत्त्वात तो आकाराच्या अर्थानेही वापरतात, आणि बराच घोटाळा तेथे होतो. ज्या छिलक्याच्या कडेवर विशिष्ट प्रकारची घडण असते, त्याला वर्गीकरणात तासणी म्हणतात. त्याने प्रत्यक्षात काय तासले, हे त्या नावावरून कळत नाही. रशियन संशोधक सेम्योनोव्ह यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हत्यारांच्या कडेवरील झीज सूक्ष्मदर्शकाने तपासण्याची पद्धती मांडली. टोकाशी घडविलेल्या पुष्कळ तासण्या कातडी साफ करण्यासाठी वापरल्या जात, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे कीली यांनी अधिक वर्धनशक्तीच्या सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड, कातडे, हाड यांच्या घर्षणाने येणारी झिलई भिन्न असते, असे प्रतिपादन केले. १९७७ मध्ये न्यूकमर यांच्यासमवेत त्यांनी आपल्या पद्धतीची परीक्षाही करून घेतली. कार्य ठाऊक नसलेल्या प्रायोगिक हत्यारांवरून कार्य ओळखावयाचे, असे त्या परीक्षेचे स्वरूप होते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हा मुद्दा जवळचा आहे. १९५४ मध्ये ह. धी. सांकलिया यांना प्रवरेकाठी नेवासे येथे छिलका-हत्यारांचा एक समूह मिळाला. मध्य पुराणाश्मयुगाच्या अभ्यासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. चर्ट, जॅस्पर यांसारख्या दगडांच्या निरनिराळ्या आकारांच्या तासण्या त्यांत आहेत. अंतर्वक्र कडेची तासणी हातात घेतली की, हिने भाल्याचा दांडा किंवा धनुष्याचा बाहू तासला असेल, असे सहज मनात येते. दांड्याविषयी तर्क चालेल. धनुष्याविषयी मात्र तो चालणार नाही, कारण एवढ्या प्राचीन काळी आपल्याकडे धनुष्य होते, असे मानण्यास हत्याराचा आकार पुरेसा नाही. भारतातील धनुष्याचे स्पष्ट चित्ररूप पुरावे पुष्कळ नंतरचे आहेत. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटका येथील शैलचित्रांत धनुर्धर शिकारी दिसतात. चित्रांत धनुष्य दिसते, तासणी दिसत नाही. नेवाशाला तासणी मिळते, धनुष्य मिळत नाही. या दोहोंना जोडणारा पूल कल्पनेने बांधू नये, कडेवरील झिजेने बांधावा.

८. भारतीय ग्रंथांचे मौन

आपले ग्रंथ धनुष्याविषयी मुके नाहीत. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात इषुकार, धनुष्कार आणि ज्याकार असे तीन कारागीर पृथक् निर्दिष्ट केले आहेत. म्हणजे लंडनमध्ये १३७१ साली जो भेद मान्य झाला, तसाच श्रमविभाग वैदिक समाजाला परिचित होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, आयुधागाराच्या अध्यायात, ताड, बांबू, लाकूड व शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, बांबू आणि स्नायू अशी यादी दिली आहे. हा ग्रंथ शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केला आणि मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून काढली, तेव्हापासून ही यादी वारंवार उद्धृत होत आली आहे. तिच्या जवळच परशु, कुठार, क्रकच अशी धारदार साधनेही येतात, पण शस्त्रे म्हणून. धनुष्य ज्याने तासावयाचे त्याचे नाव त्या अध्यायात नाही.

या मौनाचे कारण उघड आहे. आयुधागाराच्या अध्यक्षाला आत येणारी वस्तू मोजावयाची होती. ती कशी झाली, हे त्याच्या वहीत यावयाचे कारण नव्हते. द्रव्य राज्याचे, वस्तू राज्याची, धार मात्र कारागिराची.

बांबूच्या दोरीची अर्थशास्त्रातील नोंद मात्र केवळ ग्रंथगत नाही. सातपुड्यातील भिल्लांच्या कमठ्याला बांबूच्या कामटीची दोरी लावण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. बांबूच्या धनुष्यात तासण्याचा नियम अधिक कडक होतो. बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या सालीलगत दाट असतात आणि आतल्या बाजूस विरळ होत जातात. म्हणून साल पाठीला ठेवून आतूनच तासावे लागते. पाठीच्या बाजूने घेतलेला एक पापुद्रा आतल्या बाजूच्या अनेक पापुद्र्यांपेक्षा महाग पडतो. यूची पाठ राखणारा इंग्रज धनुष्कार आणि बांबूची साल राखणारा सातपुड्यातील कारागीर यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. तरीही दोघांचा हात एकाच नियमाने चालला, कारण तो नियम लाकडाने आणि बांबूने घालून दिला होता.

९. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी ध्यानात याव्यात. पहिली, धनुष्याची कार्यक्षमता जाडीच्या इतक्या सूक्ष्म फरकांवर अवलंबून असते की, तासणीसारख्या हत्याराशिवाय बळकट लाकडी धनुष्य संभवत नाही. दुसरी, हे हत्यार पुराव्यातून निसटते, कारण त्याचे काम आधीच्या खुणा पुसण्याचे असते. शिवाय त्याची धार लावताना ते स्वतःही झिजून जाते. आणि चाकूचा पाठीमागचा काठ, शिंपला, काच असे काहीही तासणी होऊ शकते. तासणी हे वस्तूचे नाव असण्यापेक्षा क्रियेचे नाव अधिक आहे. तिसरी, जेथे पुरावा मिळतो तेथे तो बहुधा खंडित कामातून मिळतो : बर्फात थांबलेल्या प्रवासातून, बुडालेल्या जहाजातून, संपत आलेल्या जमातीच्या शेवटच्या माणसाकडून.

या शेवटच्या गोष्टीने आपल्यावर एक जबाबदारी येते. आपल्या संग्रहालयांसाठी धनुष्य मिळविताना आपण धनुष्य आणतो, फार तर बाण आणि भाता आणतो. ज्या पात्याने ते तासले ते पाते मागून घेणे, ते कोणत्या दगडावर पाजवले ते विचारणे, तासताना कारागिराने किती वेळा थांबून धनुष्य वाकवून पाहिले ते मोजणे, हे आपल्या नोंदवहीत सहसा येत नाही. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने यापुढे धनुष्याच्या नोंदीत निदान चार रकाने वाढवावेत : तासण्याचे साधन, त्याच्या कडेचा आकार, धार लावण्याची रीत, आणि तासलेल्या लाकडाचे थोडे पापुद्रे. हे पापुद्रे कागदाच्या पुडीत ठेवले तरी पुरे. ज्याला ते कचरा वाटतील, त्याने पोपने इशीला न विचारलेल्या प्रश्नांचे स्मरण करावे. आपल्याकडे विचारावयास माणसे अद्याप आहेत.